बोट कोणत्या हाताचं होतं?

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. ‘हं’ आणि ‘नको’ एवढंच येतं. तेव्हापासून अंथरुणावरच आहेत, पंपाच्या हवेच्या गादीवर. बीपी आणि मधुमेह जुनाच. घरात मी, नवरा (त्यांचं दुकान सकाळी आठ ते रात्री नऊ) आणि दहावीतली मुलगी. धाकटे दीर बंगळूरला असतात. आईची काळजी त्यांना खूप, पण त्या काळजीचा ताप मला झालाय. व्हॉट्सअॅपवर ‘आई अपडेट’ असा ग्रुप आहे. त्यावर दिवसातून सहा वेळा ऑक्सिजन, नाडी, बीपी, ताप टाकायचा. एक वेळ चुकली की फोन. डावा हात त्या सारख्या हलवतात, म्हणून ऑक्सिमीटर आणि बीपीचा पट्टा मी उजव्या हातालाच लावते. तो बिचारा शांत पडून असतो.

जानेवारीत एकदा पहाटे पाचला ऑक्सिमीटर ८२ दाखवायला लागला. गाडी करून साताऱ्याला पळालो. तिथे ९७ निघाला. मार्चमध्ये उलट झालं. दोन दिवस त्या नुसत्या झोपून होत्या, चहासुद्धा नको. मी आकडे टाकत होते : ऑक्सिजन ९४, नाडी ९६, ताप ९८.८, बीपी १२४/७६. दीर अंगठा दाखवत होते. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले आणि म्हणाले, न्यूमोनिया आहे, श्वास २८ चाललाय, तुमच्या लक्षात कसं आलं नाही? ते वाक्य डोक्यातून जात नाही. फेब्रुवारीचे आकडेही सोबत पाठवतेय. आता दीर गादीखाली ठेवायचं एक यंत्र पाठवणार आहेत, अंगाला काही न लावता ते रात्रभर ठोके आणि श्वास मोजतं म्हणे. साखर मोजणाऱ्या अंगठीची लिंकही आलीय. घ्यावं का हे सगळं? की माझं आणखी एक काम वाढेल?
— जागरणाने थकलेली, वाई

उत्तर : ताई, यंत्राचं नंतर बोलू. आधी ‘लक्षात कसं आलं नाही’ याचं बघू, कारण माझ्या मते तुमच्या लक्षात आलं होतं. ‘चहासुद्धा नको’ हे तुम्ही मला लिहिलंत. त्या दिवशी ग्रुपवर ते लिहायला जागाच नव्हती. चार रकाने होते आणि त्यातल्या एकातही ते बसत नव्हतं.

मी चौतीस वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढली, त्यातली बरीच आयसीयूत. तेव्हा जे सांगणार आहे त्यात थोडी कबुलीही आहे.

८२ पासून सुरुवात करू. ऑक्सिमीटर बोटाच्या एका बाजूने लाल आणि अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) असे दोन प्रकाश सोडतो आणि पलीकडे किती पोचला ते बघतो. प्राणवायू घेतलेलं रक्त आणि न घेतलेलं रक्त हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. पण बोटात कातडी आहे, हाड आहे, शिरेतलं थांबलेलं रक्तही आहे. त्यातून धमनीतलं रक्त वेगळं कसं काढायचं? १९७०च्या दशकात जपानमधले अभियंते ताकुओ आओयागी यांनी ओळखलं की ठोक्याबरोबर जे उसळतं तेच धमनीतलं. म्हणजे हे यंत्र नाडीच्या उसळीवर जगतं. उसळी नीट मिळाली नाही तर ते गप्प बसत नाही, काहीतरी आकडा दाखवतंच.

आता जानेवारीतली वाईची पहाट घ्या. हालचाल नसलेला, बहुतेक थोडा सुजलेला आणि मूठ आवळलेला उजवा हात घ्या. त्याचं गार पडलेलं बोट. तिथे उसळी कुठून यायची? ‘शांत पडून असतो’ म्हणून तुम्ही तो हात निवडलात, आणि नेमका तोच हात या कामाला सगळ्यांत वाईट. यात तुमची चूक नाही. घरी सोडताना कुणीतरी सांगायला हवं होतं.

यापुढे डावा हात. आधी तो तुमच्या दोन तळव्यांत धरून मिनिटभर ऊब द्या. त्यांना आवडेलही. नखाला नेलपेंट किंवा काळी मेंदी नको (नातीने हौसेनं लावली असेल तर एक बोट मोकळं ठेवायला सांगा). चिमटा लावला की लगेच वाचू नका, अर्धा-एक मिनिट थांबा, आकडा स्थिरावू द्या. मग आयसीयूतली एक जुनी युक्ती करा. त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजा आणि ऑक्सिमीटरवर दिसणाऱ्या नाडीशी ताडून बघा. दोन्ही जुळले तर ऑक्सिजनचा आकडा विचारात घ्यायचा. तुमच्या हाताला ७२ लागतेय आणि यंत्र ११० म्हणतंय, तर त्याच्या ऑक्सिजनवरही विश्वास नको. आणि एरवीसुद्धा दोन-तीन अंकांचा फरक या यंत्रात गृहीतच धरायचा. सकाळी ९७ आणि दुपारी ९५ यावर ग्रुपमध्ये चर्चा करू नये. कातडी सावळी असेल तर काही वेळा ते खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं, हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींवरून ठळकपणे पुढे आलं. आपल्याकडे ते ध्यानात ठेवायलाच हवं.

तुमचं ऑक्सिमीटर ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या काळातलं, म्हणजे २०२०-२१ मधलं आहे का? असेल तर सेल काढून बघा. सेल गळून आत पांढरी भुकटी जमलेली असते, घरोघरी तेच चित्र आहे.

बीपीचा पट्टाही डाव्याच दंडाला. लुळ्या हातात आकडा कमी येऊ शकतो आणि आखडलेल्या हातात जास्त. दोन्हीकडून फसगत. दंडाचा घेर टेपने मोजा आणि तो पट्ट्यावर छापलेल्या मापात बसतो का ते पाहा. म्हातारपणी दंड इतका बारीक होतो की मोठ्यांचा पट्टा ढगळ होतो आणि बीपी खोटंच कमी दिसतं. दर दोन तासांनी कूस बदलताच तुम्ही, तर कुशीवर असताना बीपी घेऊ नका, वर आलेल्या हाताचा दाब हमखास कमी येतो. उताणं करून, दंड छातीच्या पातळीला आणून, पाच मिनिटं गेल्यावर घ्या. आणि कमी आकडा दिसला म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. झटक्यानंतर बीपी किती ठेवायचं ते डॉक्टरांनी ठरवलेलं असतं.

आता मार्च. त्या आकड्यांसाठीच मी हे उत्तर दोनदा लिहिलं.

तुम्ही पाठवलेल्या फेब्रुवारीच्या आकड्यांत सासूबाईंचा ऑक्सिजन बहुतेक दिवशी ९७-९८ आहे. नाडी ७०-७२. ताप ९६.८, कधी ९७. हे त्यांचं नेहमीचं. मार्चमध्ये ९४, ९६, ९८.८. दिरांनी हे आकडे इंटरनेटवरच्या ‘नॉर्मल’शी ताडले, ते त्यात बसले, म्हणून अंगठा आला. फेब्रुवारीतल्या त्याच बाईंशी ताडले असते, तर ऑक्सिजन तीन-चारने उतरलाय, नाडी निदान चोवीसने चढलीय आणि ताप जवळजवळ दोन अंशांनी वाढलाय हे दिसलं असतं. उतारवयात शरीराचं तापमान मुळातच कमी असतं आणि मोठ्या संसर्गातही पारा शंभराच्या वर जाईलच असं नाही. म्हणून अशा माणसांत स्वतःच्या नेहमीपेक्षा दोन अंश फॅरनहाइट वाढ म्हणजे ताप, असं धरतात. तुमच्या ९८.८ ला थर्मामीटर ‘नॉर्मल’ म्हणत होता. त्यांच्या अंगाला तो तापच होता.

आणि पाचवा आकडा तर कुणी मागितलाच नव्हता. श्वास.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये एक गुणपद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. नाव नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर. ऑक्सिजन, नाडी, वरचं बीपी, ताप, श्वास आणि शुद्ध (माणूस किती जागं आहे ते) यांना प्रत्येकी शून्य ते तीन गुण. जास्त गुण म्हणजे जास्त धोका. सात किंवा वर गेले की तातडीने मोठ्या डॉक्टरांनी बघायचं. ही पद्धत रुग्णालयासाठी आहे, घरी बसून निदान करायला नाही, पण मार्चचे तुमचे आकडे मी त्यात घालून पाहिले. ऑक्सिजन ९४ ला एक गुण. नाडी ९६ ला एक. बीपीला शून्य, तापाला शून्य. म्हणजे ग्रुपवर गेलेल्या चारही आकड्यांचे मिळून दोन गुण. न गेलेल्या दोन गोष्टी बघा. श्वास २८ ला तीन, आणि नेहमी जागं असणारं माणूस हाक मारल्याशिवाय डोळे उघडत नाही त्याला तीन. एकूण आठ.

आठपैकी सहा गुण अशा गोष्टींचे, ज्यांना यंत्र लागत नाही.

आता कबुली. वॉर्डाच्या तक्त्यात श्वासाचा रकाना असतो, आणि रात्रपाळीला चाळीस पेशंट असले की तिथे १८ किंवा २० लिहिलं जातं. न मोजता. मीही लिहिलंय. नाडी आणि ऑक्सिजन यंत्र देतं, श्वासासाठी मात्र मिनिटभर उभं राहावं लागतं. ते एक मिनिट कुणालाच परवडत नाही. आणि छातीत काही बिघडायला लागलं की बहुतेक वेळा आधी बदलतो तो हाच आकडा.

मोजायचा असा. सासूबाई शांत पडलेल्या किंवा झोपलेल्या असताना, सेकंदकाटा असलेलं घड्याळ घ्या. पोटावरच्या गोधडीच्या काठाकडे बघा. वर गेला, खाली आला, एक. पूर्ण साठ सेकंद. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण त्यांच्यासारख्या आजारात श्वास एका लयीत असेलच असं नाही. ‘श्वास मोजतेय’ असं सांगायचंही नाही, कळलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. आम्ही मनगट धरून नाडी मोजत असल्याचं सोंग करायचो आणि डोळे पोटाकडे. मोठ्या माणसाचा १२ ते २० असतो. २० च्या वर गेला तर अर्ध्या तासाने परत मोजा. तरीही वरच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. २५ किंवा अधिक असेल तर वाट बघू नका, मग ऑक्सिमीटर काहीही म्हणो. झटका आलेल्या काहींत श्वास हळूहळू खोल होत जातो, मग उथळ होतो, मग काही सेकंद थांबतोच आणि पुन्हा सुरू होतो. असं कधी दिसलं तर घाबरून न जाता मोबाइलवर मिनिटभराचं चित्रण करा आणि डॉक्टरांना दाखवा. शब्दांत सांगण्यापेक्षा ते बरं.

शुद्धीसाठी त्यांच्यापुरती एक खूण ठरवा. बोलता येत नाही, त्यामुळे ‘आज वार कोणता’ विचारून उपयोग नाही. ‘बोट दाबा’ म्हटल्यावर डाव्या हाताने दाबतात का? नातीचा आवाज आला की दाराकडे बघतात का? रोज जे करतात ते आज केलं नाही, तर तो आकडाच समजा.

आता गादीखालचं यंत्र. ते थोतांड नाही, हे आधी सांगते. हृदय प्रत्येक ठोक्याला रक्त ढकलतं तेव्हा अख्खं शरीर अगदी बारीक हिसका घेतं. १९३०च्या दशकात अमेरिकेत आयझॅक स्टार या डॉक्टरांनी माणसाला झुलत्या पलंगावर निजवून हे हिसके कागदावर उतरवले. त्याला बॅलिस्टोकार्डिओग्राफी म्हणतात. आता पलंगाऐवजी एक पातळ पत्रा गादीखाली छातीच्या पातळीला सरकवतात. तो ठोक्याचा हिसका आणि श्वासाची वरखाली दोन्ही पकडतो. बंगळूरच्या डोझीसारख्या कंपन्या आपल्याकडे हे बनवतात आणि काही सरकारी रुग्णालयांतही ते वापरलं गेलंय. मी कुणाची शिफारस करत नाही. पण सिस्टरने न मोजलेला श्वास हे यंत्र रात्रभर मोजतं, ही मला त्यातली सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते. नाजूक कातडीवर चिकटपट्टी नाही, वायर नाही, झोपमोड नाही.

तुमच्या घरी मात्र एक अडचण आहे : पंपाची गादी. तिच्या नळ्या आळीपाळीने फुगतात आणि पंप थरथरतो. त्याच थरथरीतून यंत्राला हृदयाचा हिसका शोधायचाय. दिरांना पैसे भरण्याआधी कंपनीला एकच प्रश्न विचारायला सांगा : हवेच्या गादीवर चालतं का, आणि चालत नसेल तर परत घेता का? यंत्रासाठी हवेची गादी काढा असं कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. बेडसोर झाली तर त्या जखमेपुढे हे सगळे आलेख कचऱ्यात. भाड्याने महिनाभर मिळत असेल तर तसं घ्या. पहिले काही दिवस सकाळी तुमचा साठ सेकंदांचा श्वास आणि यंत्राचा श्वास शेजारी लिहून बघा. त्यात दोन-तीनचा फरक चालेल, दहाचा नाही. लाइट गेली आणि वायफाय बंद पडलं तर काय होतं तेही विचारून ठेवा. पत्र्यावरच्या हिसक्यातून बीपीही कळतं असं कुणी सांगितलं, तर बीपीसाठी पट्टाच वापरा.

आणि मुख्य म्हणजे अलार्म. यंत्र पहाटे तीनला वाजणार. बहुतेक वेळा उगाच, त्यांनी कूस हलवली म्हणून किंवा खोकल्या म्हणून. तो वाजणार कुणाच्या फोनवर? तुमच्याच फोनवर वाजणार असेल तर तुमची भीती खरी आहे, काम वाढलंच. दिरांना काळजी वाटते ना? मग पहिला अलार्म बंगळूरला वाजू दे. त्यांनी उठायचं, आलेख बघायचा, पाच मिनिटांत अलार्म थांबला नाही तर तुम्हाला फोन करायचा. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये. लांब असलेल्या मुलाला आईसाठी खरंच करता येईल असं हे एक काम आहे. आतापर्यंत त्याच्या हातात फक्त तुमच्याकडून आकडे मागणं होतं.

अंगठी घेऊ नका. सुई न टोचता साखर मोजतो म्हणणारी घड्याळं आणि अंगठ्या वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, फेब्रुवारी २०२४ मध्येच दिलाय, अशा एकाही वस्तूला त्यांची मंजुरी नव्हती. साखर चुकली तर इन्सुलिन चुकतं. बोट टोचायचं ते टोचायचंच.

रोज सहा वेळा मोजणं बंद करा. तब्येत स्थिर असताना सकाळ-संध्याकाळ दोनदा पुरे. साध्या डिजिटल थर्मामीटरने डाव्या काखेत ताप (घाम टिपून), डाव्या हाताला बाकीचं, आणि मिनिटभर श्वास. दुधाचा हिशेब लिहिता त्याच कॅलेंडरवर लिहिलं तरी चालेल, पण कागदावर लिहा. व्हॉट्सअॅपवर कालचा आकडा वर सरकून जातो आणि आजचा एकटाच दिसतो, मार्चमध्ये तेच झालं. शेजारी एक रकाना शब्दांचा ठेवा : चहा अर्धा घेतला, लघवी गडद, टाचेला लाली, खोकला जेवताना. जेवताना खोकला येत असेल तर भरवताना पाठ उंच करता ना? आणि नंतर अर्धा तास तशीच? अंथरुणावरच्या माणसाचा न्यूमोनिया बऱ्याचदा ताटातूनच येतो. मार्चमधला तसाच आला का हे डॉक्टरांना जरूर विचारा.

आठवडाभराचे आकडे झाले की तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्याकडूनच लिहून घ्या : ऑक्सिजन कितीखाली गेला, श्वास-नाडी कितीवर गेली, बीपी कितीखाली आलं तर फोन करायचा. जुना दमा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांच्या ऑक्सिजनच्या मर्यादा वेगळ्या असतात, म्हणून शेजारणीने सांगितलेला आकडा चालत नाही. बीपीच्या गोळ्यांत नाडी हळू करणारी गोळी आहे का तेही विचारा. असेल तर आजारातही त्यांची नाडी फारशी चढणार नाही आणि तुम्ही श्वासावरच जास्त भर द्यायचा.

काही वेळा काहीच मोजायचं नाही, १०८ ला फोन करायचा. हाक मारून, हलवूनही जाग्या होत नसतील, ओठ निळसर झाले असतील, श्वासाला मान-खांदे ओढले जात असतील, फिटसारखे झटके येत असतील किंवा चांगली असलेली डावी बाजू अचानक ढिली पडली असेल तर. अशा वेळी ऑक्सिमीटर शोधत बसलेली माणसं मी पाहिलीत.

ग्रुपवर काय लिहायचं हे अवघड जाईल तुम्हाला, म्हणून मसुदा देते. हवा तसा बदला :

“आजपासून आईंचे आकडे सकाळी सात आणि संध्याकाळी सात, श्वासासकट. मधे काही वेगळं वाटलं तर आकडा नॉर्मल असला तरी मी सरळ डॉक्टरांना फोन करीन आणि मग इथे सांगीन. गादीखालचं यंत्र हवेच्या गादीवर चालत असेल तर महिन्यासाठी भाड्याने पाठवा. त्याचा रात्रीचा अलार्म तुमच्या फोनवर ठेवूया. पाच मिनिटांत थांबला नाही तर मला उठवा. अंगठी नको. त्या पैशात बारीक दंडाचा बीपीचा पट्टा आणि ऑक्सिमीटरचे नवे सेल पाठवा.”